रंगूताईची मान

रंगूताई हे काही तिचं खरं नाव नव्हतं. कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात ती रंगाचं काम करायची, म्हणून तिथल्या मास्तरांनी तिची रंगूताई केली आणि ते नाव तिला असं चिकटलं, की कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तीच मागे वळून बघायची, कुणाला बोलावतायत म्हणून.

कारखाना म्हणजे एकापुढे एक तीन खोल्या. पहिलीत प्लास्टरचे साचे काढत, दुसरीत घासकाम चाले आणि तिथला पांढरा भुगा सगळ्यांच्या भुवयांवर बसलेला असे. तिसरी खोली रंगूताईची. तिला उत्तरेकडे मोठी खिडकी होती आणि ऊन कधी थेट आत येत नसे. गिऱ्हाईक समोर बसायचं, उरलेला हात टेबलावर ठेवायचं. रंगूताई तो हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट करून बघायची, आणि मग नकली हातावर चढवायचा रबराचा पातळ मोजा त्या हातासारखा रंगवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण माणसाचा हात एका रंगाचा नसतोच मुळी. पेरांवर तो काळवंडलेला असतो, नखांच्या मुळाशी गुलाबी, मनगटाच्या आतून पिवळट, आणि शिरांपाशी चक्क हिरवा. नव्याने कामाला लागलेल्या मुली कातडीचा रंग म्हणून एकच डबा कालवायच्या, आणि तो हात बाहुलीचा उपटून आणल्यासारखा दिसायचा.

"रंगूताई, तू माणसाकडे बघतेस की नुसतं त्याच्या कातडीकडे?" मास्तर चिडवायचे.

"माणसाकडे बघत बसले तर रंग चुकतो, मास्तर."

तिचा नवरा फिटर होता. मोठमोठे पाण्याचे पंप बसवायला तो गावोगाव जायचा आणि एकदा गेला की दोन-दोन, तीन-तीन महिने तिकडेच. उमदा, बोलका, हसरा माणूस. तो परत आला की गल्लीतली पोरंटोरं त्याच्या मागे, म्हातारी माणसं त्याच्या पुढे. मला विचाराल तर अशा माणसांची एक मोठी सोय असते. सगळ्या जगाला ती आवडतात, त्यामुळे घरातल्या बाईने तक्रार केली तर लोक तिच्याकडेच संशयाने बघतात. रंगूताईने तक्रार कधी केली नाही. तिलाही तो आवडायचा.

लग्नाला सहा वर्षं होऊन गेली तरी घरात मूल नव्हतं. सासूबाई तोंडाने काही बोलायच्या नाहीत, पण शेजारणीचं बाळ मांडीवर घेऊन असा काही सुस्कारा सोडायच्या, की स्वयंपाकघरात रंगूताईच्या हातातलं भांडं जड व्हायचं. मग एकदाचे तिला दिवस गेले. तिने पहिल्यांदा सांगितलं ते नणंदेला. नणंद बावीस वर्षांची, धांदरट आणि मायाळू. ऐकलं तशी तिने वहिनीला मिठी मारली आणि दुसऱ्याच क्षणी घाबरून सोडली. पोटाला धक्का लागला असेल तर, म्हणून. त्या दिवसापासून रंगूताईचा सगळा जीव त्या पोटात गोळा झाला. हे मूल नीट जन्माला यावं, यापलीकडे तिने देवाकडे आणि माणसांकडे काही मागितलं नाही.

त्याच सुमाराला तिला बारीक ताप आला. घसा धरला, अंगावर फिकट तांबूस पुरळ उठलं, केसही मूठमूठ गळले. "पोटुशीला असलं काहीबाही होतंच," सासूबाई म्हणाल्या. आणि खरोखरच पुरळ आपोआप मावळलं, ताप उतरला. कुणी पुन्हा त्याचा विचारही केला नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी नणंद तिची वेणी घालत होती. मध्येच तिचा हात थांबला.

"वहिनी, मान नीट धुतली नाहीस का? साबण राहिलाय बघ."

तिने ओल्या फडक्याने पुसलं. मग जरा जोरात पुसलं. साबण जाईना. मानेच्या मागे आणि दोन्ही बाजूंना नखाएवढे गोल गोल फिकट डाग उठले होते, आणि त्यांच्यामधली कातडी मात्र नेहमीपेक्षा काळपट झाली होती. लांबून बघितलं तर मानेला जाळी गुंडाळल्यासारखी दिसे.

सासूबाईंनी जवळ येऊन बघितलं.

"कोड! माझ्या घरात कोड!"

आता त्यांच्या काळजाचा ठोका का चुकला, तेही सांगितलं पाहिजे. नणंदेचं लग्न जुळत आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, मुख्य म्हणजे मुलीला तो मनापासून आवडला होता. आणि घरात कोड म्हटलं, की समोरची माणसं चहाही अर्धा टाकून उठतात. कोड सुनेला, ते नणंदेच्या अंगात कुठून येणार, असला विचार कुणी करत नाही. सासूबाईंनी दार लावून घेतलं आणि दोघींना बजावलं, "या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. झाक ते काहीतरी लावून. एवढी लोकांचे हात रंगवतेस."

रंगूताईने झाकलं. कारखान्यातला रंग नव्हे. दुकानातून चेहऱ्याला लावायच्या क्रीमच्या तीन नळ्या आणल्या, बशीच्या पाठीवर कालवल्या आणि दोन आरसे समोरासमोर धरून एकेक डाग बुजवला. काळपट जागा वेगळी, फिकट जागा वेगळी, कानामागे आणखी वेगळी. मग नणंद अगदी हातभर अंतरावरून बघायला लागली, तरी तिला एकही डाग सापडेना. ती टाळ्या पिटायला लागली. रंगूताईलाही, खोटं कशाला बोला, आपल्या हाताचं कौतुक वाटलं. तिच्याजवळ ही कला नसती तर फार बरं झालं असतं, हे मात्र मी रागानेच म्हणणार.

कारण तिला एक गोष्ट पहिल्याच दिवशी दिसली होती. वर्षभरापूर्वी तिच्याकडे कोड असलेले एक मोटार-मेकॅनिक आले होते, यंत्रात डावा हात गेलेले. त्यांच्या उरलेल्या हातासारखा मोजा करायचा, तर तिला पांढऱ्या रंगाचा अख्खा डबा उघडावा लागला होता. त्यांचे डाग दुधासारखे होते, कडा फाटल्या कागदासारख्या. स्वतःच्या मानेसाठी मात्र तिला पांढऱ्याची गरजच पडली नाही. तोच रंग, फक्त तपकिरी थोडा कमी. हे आणि ते एक नव्हे, असं तिच्या डोळ्यांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं. पण घरात कोड हा शब्द उच्चारून झाला होता, दार लावून झालं होतं, सगळे कामाला लागले होते. अशा वेळी डोळ्यांचं कोण ऐकतं? तिने ऐकलं नाही.

बाळंतपणाच्या दवाखान्यात ती वेळच्या वेळी जायची. पहिल्या खेपेला रक्त घेतलं, पण नर्स म्हणाली, सगळ्या तपासण्यांचं सामान आज नाहीये, बाकीचं पुढच्या वेळी करू. पुढच्या वेळी दुसरीच नर्स होती. तिला वाटलं सगळं झालेलं आहे. तिथल्या डॉक्टरांनी गळ्याच्या गाठी तपासायला रंगूताईची मान दोन्ही हातांनी चाचपली. त्यांच्या बोटांना रंग लागला नाही. इतकं पक्कं काम होतं.

"काही त्रास?"

"नाही."

असे महिने गेले. पोट दिसायला लागलं, बाळ फिरायला लागलं. फिटर मधून मधून यायचा, पोटाला कान लावायचा आणि आतल्या माणसाशी पंपाच्या गोष्टी करायचा. रोज सकाळी रंगूताई बशीवर रंग कालवायची. सवय झाली होती.

सहावा महिना लागला तेव्हा ते मेकॅनिक पुन्हा आले. मोजा अंगठ्यापाशी फाटला होता. त्यांचा हात हातात घेऊन बसल्यावर तिला राहवलं नाही.

"काका, तुमचं हे सुरुवातीला फिकट होतं का हो? मग हळूहळू पांढरं झालं?"

"छे गं. पहिल्या दिवसापासून हे असं, दुधाचा शिंतोडा उडाल्यासारखं. का?" त्यांनी तिच्याकडे जरा निरखून बघितलं, पण विचारलं काही नाही. "कुणाला असलं काही असेल तर मोठ्या इस्पितळात त्वचेच्या एक डॉक्टरबाई आहेत. चांगल्या आहेत. ओरडत नाहीत."

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती तिकडे गेली. घरी सांगितलं नाही. डॉक्टरबाईंनी मानेकडे बघितलं, बोट फिरवलं आणि कोपऱ्यातल्या नळाकडे दाखवलं.

"तो साबण घ्या. मान धुऊन या."

ती धुऊन आली. बाईंनी तिला खिडकीशी उभं केलं आणि मान सगळ्या बाजूंनी निरखली. मग ताप येऊन गेला होता का, घसा, पुरळ, केस, एकेक विचारत गेल्या. सगळ्याला हो. नवरा काय करतो? फिरतीवर असतो. त्यांनी रक्त घ्यायला सांगितलं. रिपोर्ट घ्यायलाही रंगूताई एकटीच गेली.

"हे कोड नाही," बाई म्हणाल्या.

रंगूताईचा जीव भांड्यात पडला. नणंदेचं लग्न वाचलं, हाच पहिला विचार. दुसऱ्या वाक्याला ते भांडंच उपडं झालं.

"ही गरमी आहे. सिफिलिस म्हणतात. एकाकडून दुसऱ्याला लागते, कशी ते तुम्हाला कळतंय. त्यात कधी कधी मानेवर असे डाग उठतात. बसा, खाली बसा आधी."

ती बसली. खोलीत पंखा फिरत होता, त्याचा आवाज एकदम फार मोठा वाटायला लागला.

"कुणामुळे झालं ते आज नको. औषध आहे, साधं पेनिसिलिन, कमरेत इंजेक्शन. ते पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. उशीर झाला नसेल तर बाळही वाचतं."

"आणि उशीर झाला असेल तर?"

"मग आपण काल का नाही आलो, असं म्हणत बसण्यात अर्थ नाही. आज घ्या. आणि ऐका, डाग सगळ्यात शेवटी जातील. जंतू मेले तरी रंग परत यायला कित्येक महिने लागतात. डागांवरून काही ठरवायचं नाही, रक्तावरून ठरवायचं. आणि नवऱ्याला घेऊन या. त्याने औषध घेईपर्यंत लांब राहायचं. तो आला नाही तर हे सगळं पाण्यात."

इंजेक्शन जबर होतं. ती लंगडत घरी आली आणि दोन दिवस एका अंगावरच बसत होती. पाय घसरला, असं सासूबाईंना सांगितलं. पण मनातून ती इतकी सुखावली होती, की दुखणं तिला बाळाच्या कामी आल्यासारखं वाटत होतं. पुढच्या आठवड्यात तिने दुसरं इंजेक्शन घेतलं. आता फक्त फिटर यायचा होता.

तो आला, पोरांना खाऊ वाटला, आईच्या पाया पडला, हातपाय धुतले. खोलीत आल्यावर तिने सांगितलं. आधी तो हसला. त्याला वाटलं, थट्टा आहे. मग त्याचं हसू गेलं, आणि त्या जागी जे आलं ते रंगूताईने सहा वर्षांत बघितलं नव्हतं.

"तू कुठून आणलंस हे?"

"मी?"

"मी इथे नसतो. तू असतेस."

त्याचा आवाज चढला, तिचाही चढला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळं ऐकलं. त्या माउलीने लेकाकडे बघितलंसुद्धा नाही. "दिवसभर परक्या पुरुषांचे हात हातात घेऊन बसायचं," त्या म्हणाल्या, "मग दुसरं काय होणार?" अशी हाताहातांतून गरमी लागली असती, तर निम्मं जग आजारी पडलं असतं. पण रागात अशी गणितं कोण मांडतं! उद्यापासून कारखाना बंद, असं ठरलं. नोकरीचा निकाल लागायला चहा गाळायला लागतो तेवढाच वेळ लागला.

पण आवाज भिंतीपलीकडे गेले होते. दुसऱ्या दिवशी शेजारीण साखर मागायला आली आणि साखर घेऊनही जाईना. तेव्हा सासूबाईंनी जे केलं, त्याने मी अजूनही चकित होतो. ज्या कोडावर त्यांनी महिनोन्‌महिने दार लावलं होतं, ते त्यांनी आपल्या हाताने उघडं केलं. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "काय सांगू तुम्हाला, आमच्या सुनेला कोड निघालंय हो. त्याचीच रडारड चाललीय." लेकाचं नाव राखायला लेकीचं लग्न खर्ची घालावं लागलं, ते त्यांनी घातलं. मुलाच्या घरी बातमी पोचायला आठवडाही लागला नाही. नकार आला.

नणंद दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी वहिनीजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "तुझी काय चूक त्यात? कोड काय कुणी मागून घेतं?" तिला खरं ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. रंगूताईने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. आता मान झाकायचीही गरज उरली नव्हती. सगळ्यांना कोड माहीत होतं.

फिटर शांत झाला तेव्हा त्याने तिला समजावायला घेतलं. समजावण्यात तो हुशार.

"हे बघ. तू इंजेक्शनं घेतलीस ना? डाग गेले का?"

"बाई म्हणाल्या, डाग शेवटी जातात. रक्तात फरक—"

"बिघाड काढला की पंप पाणी देतो. नाही दिलं, तर बिघाड दुसराच असतो. इतकी वर्षं हेच करतोय मी. गरमी असती तर डाग गेले असते. कोडच आहे ते. उगाच कुणाच्या तरी बोलण्यावरून संसाराला आग लावू नकोस."

ती रोज आरशात बघायची. बाईंनी सांगितलेलं तिला तोंडपाठ होतं, तरी बघायची. कारण डाग जरा जरी फिके झाले असते, तरी त्याच्यापुढे दाखवायला काहीतरी हातात आलं असतं. डाग जसेच्या तसे होते. ती त्याच्या पाया पडली. बाळासाठी, म्हणाली. माझ्यावर हवा तो आळ घ्या, पण एवढं इंजेक्शन घ्या. तो पुन्हा फिरतीवर निघून गेला. जाताना "बघू" म्हणाला.

तो परतला तेव्हा दुपार होती. ती गादीवर पाय लांब करून बसली होती. तो आत आला, शेजारी बसला आणि लाडात येऊन म्हणाला, "घेतलं बाबा तुझं ते इंजेक्शन. साइटजवळ एक दवाखाना होता. झालं समाधान? अजून ठणकतोय दंड." आणि तो दंड चोळायला लागला.

दंड.

रंगूताईने त्या दंडाकडे बघितलं. स्वतःची कंबर दोन-दोन दिवस कशी धरली होती, ते तिला आठवलं. पुरुषांना दंडात देत असतील, तिने मनाशी म्हटलं. तिकडची पद्धत वेगळी असेल. तिला विचारता आलं असतं. पण तो किती दिवसांनी गोड बोलत होता, पोटावर हात ठेवून आतल्या बाळाला हाका मारत होता, आणि ती लांब राहून राहून थकली होती. तिने विश्वास ठेवला असं म्हणवत नाही. डाग बुजवावा तशी तिने ती शंका बुजवली.

आठव्या महिन्यात एका सकाळी बाळ फिरलं नाही. तिने साखर खाल्ली, कुशी बदलली, थंड पाणी प्यायली. दुपारपर्यंत वाट बघितली. मग नणंदेला घेऊन रिक्षाने मोठ्या इस्पितळात गेली. तिथे पोटावर यंत्र फिरवणाऱ्या बाईने पडदा आपल्याकडे वळवून घेतला, तेव्हाच तिला कळलं.

मुलगी होती. नर्सने फडक्यात गुंडाळून दाखवली, एक हात बाहेर राहिला होता. तळव्याची साल निघाली होती. उभ्या आयुष्यात रंगूताईने इतके हात हातात घेतले, त्या एका हाताला मात्र तिला धीर होईना. नर्स म्हणाली, "धरा, नाहीतर नंतर वाटेल." तिने धरला. ती रडली नाही. तिला राग आला होता, आणि कुणावर करायचा ते ठरत नव्हतं.

त्वचेच्या डॉक्टरबाई स्वतः वॉर्डात आल्या. रक्ताच्या तपासणीतला गरमीचा आकडा इंजेक्शनांनंतर उतरला होता, आता पुन्हा चढला होता.

"म्हणजे पुन्हा लागण झाली. पण बाळ त्यानेच गेलं, की आधीच उशीर झाला होता, ते मला खात्रीने सांगता येणार नाही." त्या खाटेशी उभ्या असलेल्या फिटरकडे वळल्या. "तुम्ही औषध घेतलंत?"

"घेतलं की."

"कुठे दिलं?"

फिटरने दंडावर हात ठेवला. डॉक्टरबाईंनी त्या दंडाकडे बघितलं आणि मग रंगूताईकडे. रंगूताईने भिंतीकडे तोंड केलं.

तो रडला, अगदी खरं रडला. लहान मुलासारखा हुंदके देत, सगळ्या वॉर्डासमोर. बायका हळहळल्या, काय माया आहे म्हणाल्या. आणि घरी आल्यावर डोळे पुसून तोच म्हणाला, "तीन महिने रंग फासून लपवत बसलीस. वेळेवर गेली असतीस तर पोर वाचली असती. डॉक्टरच म्हणाली, उशीर झाला होता."

डॉक्टर तसं म्हणाल्या नव्हत्या. पण तसं नव्हतं, असंही म्हणाल्या नव्हत्या. रंगूताईच्या तोंडाला कुलूप बसलं ते तिथे. त्याचं खोटं तिला कळलं होतं, पण स्वतःची बशी आणि त्या तीन नळ्याही तिला दिसत होत्या. पोरीला कुणी मारलं, याचा निवाडा आता कुणी करणार नव्हतं, आणि तो न होण्यातच त्याची सुटका होती, तिची नव्हती.

मास्तर एकदा घरी आले. "तुझी खोली रिकामी आहे, ये परत," म्हणाले. फिटरने त्यांना आग्रहाने चहा पाजला, हसतखेळत गप्पा मारल्या आणि दारापर्यंत पोचवून आला. परत जायचा विषय निघाला नाही. ती माहेरी जाऊन आली. आई म्हणाली, नवरा मारत नाही, पीत नाही, मग आणखी काय हवं? ती चार दिवस राहिली आणि परत आली. औषध तिने पुन्हा पुरं केलं. रात्री आता ती नणंदेच्या खोलीत झोपायची. सासूबाई म्हणायच्या, दुःख ताजं आहे, राहू दे थोडे दिवस. थोडेच दिवस, हे त्या दर वेळी सांगायच्या.

आणि मग डाग जायला लागले.

आधी कानामागचे, मग बाजूचे. काळपट जाळी फिकी पडली, गोल डाग भरत आले, आणि वर्ष सरता सरता मान अशी स्वच्छ झाली, की तिथे कधी काही होतं असं सांगितलं तरी पटू नये. सासूबाई तिला रोज दारात उजेडाला उभी करून बघायच्या. एक दिवस त्यांना आनंद मावेना. "गेलं! कोड गेलं!" गल्लीभर सांगून आल्या. फिटर म्हणाला, "बघ, मी म्हणत नव्हतो, आपोआप जाईल?" खरं म्हणजे तो असं कधीच म्हणाला नव्हता. पण घरात सगळ्यांना ते आठवायला लागलं.

नणंदेसाठी ठरत आलेल्या त्या मुलाच्या घरी निरोप गेला. मुलाने अजून दुसरीकडे होकार दिला नव्हता. त्याची आई म्हणाली, आम्ही डोळ्यांनी बघू, मग ठरवू.

ती आली. भारदस्त बाई होती, वाईट नव्हती. रंगूताईला खिडकीपाशी खुर्चीवर बसवलं. सासूबाईंनी तिचे केस वर उचलून धरले. पाहुण्या बाईंनी चष्मा लावला, मान डावीकडून बघितली, उजवीकडून बघितली, मग बोट ओलं करून घासून बघितलं. बोट स्वच्छच राहिलं.

"रंग नाहीये," त्या म्हणाल्या, आणि जराशा ओशाळल्या. "काही मनात धरू नका. मुलाचा प्रश्न आहे. पण गेलं कसं हो? माझ्या भाचीला आहे. काय औषध केलंत?"

सासूबाईंच्या हातातले केस घट्ट झाले. फिटर हसत होता, पण फक्त तोंडाने. दारात नणंद चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि कपबश्या बारीक वाजत होत्या.

रंगूताईजवळ वाक्य तयार होतं. वर्षभर ती ते मनात बोलत आली होती, अगदी कोणत्या शब्दापासून सुरू करायचं तेही ठरलं होतं. एकदा बोलली असती, तर तिची मुलगी कशाने गेली ते निदान चार माणसांसमोर उच्चारलं गेलं असतं. तिने नणंदेकडे बघितलं. त्या पोरीने वर्षभरात एकदाही तिला वेडंवाकडं बोलून दाखवलं नव्हतं, आणि आत्ता ती वहिनीच्या ओठांकडे अशी बघत होती, की जणू तिचा गळाच कुणी हातात धरला आहे.

"काही नाही केलं," रंगूताई म्हणाली. "आपोआप गेलं."

आपल्या मुलीवर आपण दुसऱ्यांदा माती टाकली, असं तिला वाटलं. यावेळी तर कुणी सांगितलंही नव्हतं.

ट्रे टेबलावर आला. पाहुण्या बाईंनी समाधानाने चहा घेतला, मुलीला जवळ बसवून घेतलं, आणि मग रंगूताईच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "देवाने बघितलं हो तुझ्याकडे. आता एक मूल होऊ दे."

"होणार, होणार," फिटर म्हणाला. आता तो मनापासून हसत होता. "पुढच्या वर्षी या. पाळणा हललेला असेल."

सगळे हसले. सासूबाईंनी सुनेचे केस सोडले, नीट मागे सारले आणि म्हणाल्या, "मी पण तेच म्हणते. दुःखाचे दिवस सरले. आज तुझी गादी परत तुझ्या खोलीत टाकते."

फिटरने तोवर इंजेक्शन घेतलेलं नव्हतं.